गोव्याच्या पाण्यात फोटो काढायचेत, कॅमेऱ्याच्या पाणबंद डब्यावर (हाउसिंगवर) दोन लाख घालू का?

खारट_पाणी
नमस्कार मंडळी.

मी म्हापशाचा. हौशी डायव्हर, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्सपर्यंत मजल गेली आहे. बहुतेक डाइव्ह ग्रांदे बेटाच्या आसपास: सुझीज रेक (बुडालेलं जहाज), शेल्टर कोव्ह, अधूनमधून डेव्ही जोन्स लॉकर. कधी जमलं तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट. आजवर अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर भागवलं, पण त्यात प्रत्येक मासा लांबचा आणि हिरवागार येतो.

घरी सोनीचा ए६४०० पडून आहे, १६-५० किट लेन्ससकट. त्याला अल्युमिनियमचं हाउसिंग घ्यावं असं घाटतंय. नॉटिकॅमचं १०० मीटरपर्यंत चालतं, पण पोर्ट (लेन्ससमोरची काच), ट्रे (डबा बसवायची पट्टी), ड्यूटी धरून आकडा दोन लाखांच्या पुढे जातोय. पॉलिकार्बोनेटचं सीफ्रॉग्ज बऱ्याच कमी पैशांत येतं. एक मित्र म्हणतो, दोन्ही सोड, ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा छोटा पाणबंद कॅमेरा घे. भाचा म्हणतो, कॅमेरा हवाच कशाला, मोबाइलचा डबा घे.

माझं मत विचाराल तर एकदाच घ्यायचं ते चांगलं घ्यावं. पण वापरणाऱ्यांनी लिहा. (घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, तेव्हा हा धागा कुणी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये.)

वास्कोचा_भाई
पात्रांव, दोन लाखांत जुनी होडी येते. तिच्यात बसून वरून फोटो काढ. हलके घ्या.

रुमाल_बहाद्दर
रुमाल टाकून ठेवतो. वाचतोय.

नीलपरी
मी सीझनभर, म्हणजे ऑक्टोबर ते मे, लोकांना पाण्यात नेते. धागाकर्त्यांना उलट प्रश्न: ग्रांदेला तुम्हाला किती लांबचं दिसतं? तीन मीटर, चार, फारच नशीब असलं तर सात-आठ. बेट झुवारीच्या मुखासमोर आहे, पावसाळ्यात मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ काही लगेच खाली बसत नाही. भरती-ओहोटीचा जोर असला की सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी यांची एकमेकांशी ओळखही नसते.

अशा पाण्यात १०० मीटरचं हाउसिंग घेऊन करणार काय? सुझीज रेकवर तुम्ही १५ मीटरच्या आतच असता. तिथे कॅमेऱ्याचा सेन्सर नाही, तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी फोटो बिघडवतं. ते पाणी कमी करायचे दोन मार्ग: जवळ जा, आणि स्वतःचा उजेड घेऊन जा. पहिला फुकट आहे. पैसे दुसऱ्यावर घाला.

जुना_निकॉन
नीलपरी यांच्याशी सहमत, पण थोडा इतिहास सांगतो, कारण या धाग्यावर मीच सगळ्यात म्हातारा असणार.

पूर्वी पाण्यातल्या कॅमेऱ्याला डबा हा प्रकारच लागायचा नाही, निदान आमच्यासारख्यांना. झाँ द वूतर्स या बेल्जियन माणसाने समुद्रसंशोधक कूस्तोच्या मंडळींसाठी 'कॅलिप्सो' नावाचा कॅमेरा केला, तो स्वतःच पाणबंद. निकॉनने तो हाती घेतला आणि १९६३ पासून 'निकोनॉस' म्हणून विकला. ३५ मिमी फिल्म, ३६ फ्रेम, वर आल्याशिवाय रोल बदलता येत नसे. अंतर डोळ्यांनी अंदाजायचं आणि लेन्सवरच्या गुंडीने लावायचं. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, तो अंदाज बसेपर्यंत कित्येक रोल वाया जात. २००१ मध्ये निकॉनने ही मालिकाच बंद केली.

सांगायचा मुद्दा असा की तो कॅमेरा वीस-वीस वर्षं चालला. आजचं अल्युमिनियम हाउसिंग एकाच मॉडेलच्या बटणांबरहुकूम कोरलेलं असतं. ए६४०० हा २०१९ चा कॅमेरा. तो उद्या बंद पडला किंवा तुम्ही नवा घेतलात, की दोन लाखांचा सुंदर पेपरवेट तुमच्याकडे उरतो. पोर्ट आणि आर्म (दिव्यांचे दांडे) पुढे वापरता येतात, मुख्य डबा नाही. 'एकदाच घ्यायचं ते चांगलं' हा हिशोब सोन्याला लागू. हाउसिंगला नाही.

खारट_पाणी
@नीलपरी, पटतंय. पण टीजी-७ चा सेन्सर अगदीच बारका. १२ मेगापिक्सेल. ए६४०० घरात असताना त्याहून खालचा कॅमेरा घ्यायचं जिवावर येतं.
@जुना_निकॉन, पेपरवेट हा शब्द घरी ऐकू जाता कामा नये.

प्रो_बुडबुडे
सेन्सरचा विषय बाजूला ठेवा, आधी काच बघा. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे थोडं सहन करा.

पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३. सपाट काचेच्या पोर्टमागे कॅमेरा ठेवला की प्रत्येक गोष्ट तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी आणि सुमारे एक तृतीयांशने मोठी दिसते. म्हणजे तुमची १६ मिमीची रुंद नजर पाण्यात आखडते. ग्रांदेच्या पाण्यात ही शिक्षाच, कारण अख्खा रेक फ्रेममध्ये घ्यायला मागे सरकलात की मध्ये आणखी दोन मीटर गाळ आला.

यावर उपाय घुमटाचा, म्हणजे डोम पोर्टचा. तो नजरेचा कोन परत देतो. पण डोमसमोर लेन्सला खरी वस्तू दिसत नाही, डोमच्या अगदी पुढ्यात तयार झालेली आभासी प्रतिमा दिसते. वस्तू कितीही लांब असो, लेन्सला अगदी जवळ फोकस करावा लागतो. जिला तेवढं जवळ जमत नाही ती लेन्स डोममागे निकामी. शिवाय डोम लहान असला तर फोटोचे कोपरे मेणासारखे वितळतात, छिद्र एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत बारीक करावं लागतं, आणि मग उजेड आणखी हवा. फिरून नीलपरींच्याच मुद्द्यावर आलो.

मधला मार्ग म्हणजे वेट लेन्स. सपाट पोर्टवर बाहेरून, पाण्यातच चढवायची-उतरवायची. नॉटिकॅमची डब्ल्यूडब्ल्यूएल-१ साधारण १३० अंशांचा कोन देते आणि तुमच्या १६-५० वरही बसते. किंमत ऐकून मास्कमध्ये पाणी येतं तो भाग वेगळा.

तिसऱ्या_एकशिप्पी
प्रोफेसर, वेट लेन्सचं एक राहिलं. बोटीवरच चढवून उडी मारलीत तर लेन्स आणि पोर्टच्या मध्ये हवा अडकते. खाली गेल्यावर फोटोत अर्धा आरपार, अर्धा धुरकट असा चंद्रकोरीसारखा डाग येतो. पाण्यात गेल्यावर लेन्स काढायची, पोर्टच्या काचेवर बोट फिरवून चिकटलेले बुडबुडे पुसायचे आणि मग परत चढवायची. हे सगळं जाड ग्लोव्हज घालून, एका हाताने, लाटेत. आणि दोरी बांधलेली असू द्या. ग्रांदेच्या तळाशी एखाद्याची इतकी महागडी लेन्स खेकड्याच्या बिळाला दार म्हणून नक्कीच बसली असेल.

भाचा_नंबर_एक
मी तो भाचा नव्हे, पण त्याच्या बाजूने बोलतो. मोबाइलचे नवे डबे खरंच बदललेत. पूर्वीचा त्रास असा की पाण्यात टचस्क्रीन चालत नाही. पडद्याला बोट कळतं ते विजेच्या सूक्ष्म फरकाने, आणि खारं पाणी स्वतःच वीज वाहतं. सीलाइफच्या स्पोर्टडायव्हरने ब्लूटूथची मोठी बटणं दिली, ४० मीटरपर्यंत चालतो. डाइव्हव्होल्कच्या डब्याला समोर मऊ पडदा आहे, त्यावर बोट दाबून फोनचं कुठलंही अ‍ॅप चालवता येतं, तोही ६० मीटरपर्यंत. फोटो काढला, बोटीवर आल्यावर पुसला, चहा येईपर्यंत घरी पाठवला. सेन्सर टीजी-७ च्या तोडीचा किंवा वरचाच. दोन लाख कशाला हवेत?

नीलपरी
डबा गळला तर बँक, यूपीआय, आधार, आणि बोटवाल्याचा नंबर एकदम पाण्यात. मागच्या सीझनला आमच्यासोबतच्या एका पाहुण्यांचा बिननावाचा, ऑनलाइन स्वस्तात आलेला डबा गळला. फोन गेला. त्यांना हॉटेल कुठलं तेही आठवेना, बुकिंग फोनमध्येच होतं!

तुम्ही सांगितलेले दोन्ही डबे चांगले आहेत, त्यावर वाद नाही. पण जुना, सिम काढलेला फोन आत घाला. आणि 'माझा फोन आयपी६८ म्हणजे पाणबंद आहे, डब्याची गरजच नाही' असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. ती चाचणी शांत, गोड्या पाण्यातली असते हो. खाऱ्या पाण्यात, दाबाखाली, फिन्स मारत नव्हे.

भाचा_नंबर_एक
जुना फोन घालायचा मुद्दा बरोबर. माघार नाही, दुरुस्ती म्हणून मान्य.

ओरिंग_सम्राट
गळतीचा विषय निघालाच आहे तर माझ्या नावाला जागतो.

बहुतेक डबे खोलात गळत नाहीत, पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये गळतात. खोल गेलं की दाब वाढतो, दर १० मीटरला एक वातावरण, आणि तो दाबच झाकणाला ओ-रिंगेवर, म्हणजे फटीतल्या लवचीक रिंगेवर, आवळतो. वर, पृष्ठभागाजवळ, रिंग सैल असते. बोटीच्या कडेवरून कॅमेऱ्यासकट धप्पकन उडी मारणारे इथेच फसतात. कॅमेरा वरून कुणाकडून तरी हातात घ्यावा. आणि पाण्यात गेल्यावर अर्धा मीटर खाली डबा उलटा धरून बुडबुड्यांची माळ येतेय का बघावं.

रिंग काढताना पिन, चाकू काही नको, बोटांनी चिमटून फुगवटा आणायचा आणि उचलायची. डोळे मिटून दोन बोटांतून फिरवायची. केस, वाळूचा कण, कुत्र्याची लव, सगळं बोटाला लागतं, नजरेला नाही. ग्रीस अगदी नावाला, रिंग फक्त चमकली पाहिजे. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. ग्रीसने ती फक्त जागेवर नीट बसते. थापून लावलात तर वाळू गोळा होते. रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर कंपनीने दिलेलंच ग्रीस, कारण भलत्या सिलिकॉन ग्रीसने ती फुगते.

आणि पैसे घालायचेच असतील तर व्हॅक्यूम पंपावर घाला. डबा बंद करून आतली थोडी हवा हातपंपाने ओढून घ्यायची. आत दिवा असतो, हिरवा म्हणजे दाब टिकून आहे, लाल म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. अर्धा तास हिरवा राहिला तर निर्धास्त उडी मारा. नव्या हाउसिंगमध्ये ही सोय बहुतेक असते, नसली तर लावून घेता येते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कामाची सुधारणा हीच. नवे सेन्सर-बिन्सर नंतर.

तिसऱ्या_एकशिप्पी
+१. त्यात गोव्याचं दमट हवामान धरा. डबा बोटीवर बंद केलात तर आत दमट हवा कोंडली जाते, कॅमेरा व्हिडिओने तापतो, बाहेरची काच पाण्याने गार, की झालं धुकं. रात्रीच एसी खोलीत बंद करायचा, आत सिलिका जेलची ताजी पुडी टाकायची.

वास्कोचा_भाई
एवढं सगळं करून फोटो कशाचा? गोबऱ्याचा. जो मी संध्याकाळी रवा लावून तव्यावर बघतो, अगदी क्लोजअप, पाण्यातला फ्लॅश म्हणजे स्ट्रोबही नको.

अनामिक_केंड
भाई, गोबरा तव्यावर बरा लागतो हे मान्य, पण मला म्हणजे केंडाला तव्यावर घेऊ नका, विषारी आहे.

मालवणी_मसाला
गोव्याचं पाणी गढूळ, नेत्राणी लांब. मालवणला या ना! तारकर्लीला एमटीडीसीचं डायव्हिंगचं केंद्रच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी उथळ आणि प्रवाळ जवळ. आणि जेवण कुणाचं चांगलं ते मी सांगायला नको.

वास्कोचा_भाई
जेवणावरून धागा पेटवू नका, माझ्याकडे सोलकढी भरपूर आहे.

नीलपरी
मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगवाल्यांची गर्दी इतकी की फोटोत माशांपेक्षा लाइफ जॅकेट जास्त येतात. :) नेत्राणीचं पाणी मात्र खरंच वेगळं. मुरुडेश्वरहून बोट, आणि चांगल्या दिवशी पंधरा-वीस मीटर सहज दिसतं. वाइड अँगल हवा असेल तर तिथे. ग्रांदेला मात्र मॅक्रो, म्हणजे बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो: न्यूडिब्रँक (समुद्री गोगलगाय), कपारीतली वाम, दगडासारखी बसलेली विंचूमासळी, कटलफिश.

एक मात्र सांगून ठेवते. मॅक्रोवाल्यांची एक जात काडीने प्राण्याला 'जरा इकडे बघ' करून सरकवते. समुद्री घोडा दिसला तर काडी बाहेर काढायचीच नाही. २००१ पासून सगळ्या समुद्री घोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. माझ्या बोटीवर काडी दिसली तर ती मी किनाऱ्यावर परत देते, भजीबरोबर.

जुना_निकॉन
काडीबद्दल टाळ्या.

स्नूट_आणि_सूट
आता मूळ मुद्द्याला, म्हणजे उजेडाला, हात घालतो. नुसता स्ट्रोब घेतला आणि लेन्सच्या डोक्यावर बसवला तर गढूळ पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. स्ट्रोब लांब आर्मवर, बाजूला, पोर्टच्या रेषेच्या किंचित मागे, आणि तोंड थोडं बाहेर वळवलेलं. झोताची फक्त कड माशावर पडली पाहिजे, मधल्या पाण्यावर नाही.

ग्रांदेच्या चार मीटरच्या दिवशी एवढंही पुरत नाही. तिथे स्नूट. स्ट्रोबच्या तोंडाला लावायचं नळकांडं, उजेडाचं नाणंभर वर्तुळ पाडतं. न्यूडिब्रँक उजळतो, बाकी सगळं काळं, गाळ गायब. गढूळ पाण्याचं असं सोनं होतं. बॅकस्कॅटर नावाच्याच कंपनीचा छोटा एमएफ-२ फ्लॅश आणि त्याचा स्नूट या कामासाठीच आहे. त्यात निशाणा दाखवणारा दिवा असतो, नाहीतर ते वर्तुळ माशावर बसवता बसवता अर्धी टाकी संपते.

व्हिडिओ लाइट आणि स्ट्रोब यांत गल्लत नको. लाइट सतत जळतो, बघायला सोपा, पण पळता मासा त्यात हलका पुसट येतो. स्ट्रोबचा लखलखाट त्याला जागीच गोठवतो. आणि लाल फिल्टर घेऊ नका, तो निळ्या पाण्यासाठी. आपल्या हिरव्या पाण्याला जांभळट मॅजेंटा लागतो, तोही स्ट्रोबसोबत नाही.

कोरडा_कासव
मी अजून ओपन वॉटरचा कोर्सही केलेला नाही, डिसेंबरमध्ये करणार आहे. तोवर सेलमध्ये टीजी-७ घेऊन ठेवू का?

नीलपरी
नको. आधी पाण्यात हात न हलवता, वर-खाली न होता एका जागी तरंगायला शिका. कॅमेरा हातात आला की नवशिका टाकीचा काटा बघायचं विसरतो, जोडीदार कुठे गेला ते विसरतो आणि गुडघे प्रवाळावर टेकतो. कॅमेऱ्याचे पैसे त्या वेळात दोन जादा डाइव्हना द्या.

कोरडा_कासव
बरं, मॅडम. कार्टमधून काढला.

तिसऱ्या_एकशिप्पी
आणि अगदीच राहवलं नाही तर अ‍ॅक्शन कॅमेरा. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो डब्याशिवाय २० मीटर जातो, म्हणजे ओपन वॉटरची १८ मीटरची मर्यादा त्यात बसते. गोप्रो हिरो १३ मात्र उघडा १० मीटरच, पुढे डबा लागतोच. ह्या आकड्यांवर फार विसंबू नका, झाकणाची फट नीट बंद असेल तरच ते खरे.

प्रो_बुडबुडे
बोटीवरच्या गोड्या पाण्याच्या टबाबद्दल कुणीच लिहिलं नाही? पाच जणांचे कॅमेरे, दोन मास्क आणि कुणाचा तरी बूट एकाच टबात. कॅमेरा त्यात बुडवायचा, बटणं दाबून मीठ सोडवायचं आणि लगेच उचलायचा. दिवसभर ठेवून जेवायला गेलात तर वर कुणाची तरी टॉर्च आदळून तुमची लॅच उघडते. हाउसिंगला सगळ्यात मोठा धोका समुद्राचा नसतो, टबाचा असतो.

ओरिंग_सम्राट
प्रोफेसर, हे वाक्य मी बोटीवर लिहून लावणार आहे.

खारट_पाणी
सगळ्यांचे आभार, डोकं बऱ्यापैकी साफ झालं. अल्युमिनियम रद्द. आता टीजी-७ आणि त्याचा पीटी-०५९ डबा घेतोय. हा डबा टीजी-६ साठीचा, पण ७ लाही चालतो, ४५ मीटरपर्यंत. कॅमेरा उघडाही १५ मीटरचा असल्याने डबा गळला तरी तो वाचण्याची शक्यता, हा मला मोठा मुद्दा वाटला. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस. उरलेले पैसे एक स्ट्रोब आणि स्नूटवर. ए६४०० घरीच, लग्न-मुंजींसाठी.

स्नूट_आणि_सूट
निर्णय चांगला, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. टीजीमध्ये पूर्ण मॅन्युअल मोड नाही. शटर आणि छिद्र दोन्ही हातात धरायची सवय असेल तर पहिल्या डाइव्हला चिडचिड होणार. काळी पार्श्वभूमी हवी असेल तर एक्सपोजर मुद्दाम कमी करून, आयएसओ खाली धरून स्ट्रोबवर काम घ्यावं लागतं. आणि तो स्ट्रोब चेतवायला कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उडवतो, फायबरच्या वायरीतून. त्यामुळे बॅटरी झपाट्याने उतरते. दोन जादा बॅटऱ्या घ्याच, आणि विमानात त्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

जुना_निकॉन
मी अजूनही म्हणतो की पॉलिकार्बोनेट डब्यात ए६४०० आणि मॅक्रो लेन्स घेतली असती तर फोटो वरच्या दर्जाचे आले असते. त्याला व्हॅक्यूम लावून घ्यायचा आणि विसरून जायचं. टीजीच्या फाइलीत मोठा प्रिंट काढायला गेलात की कळेल.

खारट_पाणी
निकॉन काका, मोठा प्रिंट कुठे लावणार? भिंतीवर आधीच मुलाच्या तबल्याची प्रमाणपत्रं आहेत.

नीलपरी
प्रिंटचं नंतर बघू. टीजी आला की पहिल्या डाइव्हला स्ट्रोब न लावता या. कॅमेरा हातात घेऊन तरंगता येतंय का तेवढं बघू, मग पुढचं.

तिसऱ्या_एकशिप्पी
माझ्याकडे छोटा ट्रे, दोन हँडल आणि एक इंची बॉलचा तरंगता आर्म पडून आहे, मोठ्या कॅमेऱ्यावर गेल्यापासून वापरलेला नाही. क्लॅम्पचा एक स्क्रू गंजलाय, तो मडगावात मिळतो. हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पणजीला बसस्टँडजवळ देता येईल.

वास्कोचा_भाई
आणि जुन्या होडीचा व्यनि मला करा.